आता मी विचारू का?

आमच्याकडे मुलाखतींच्या दिवशी सगळ्यांत जास्त भाव असतो तो गेटवरच्या वॉचमनला. सकाळी आठपासून पोरं त्याला 'काका, आत किती जागा हायत ओ?' म्हणून भंडावून सोडतात आणि तो प्रत्येकाला वेगळा आकडा सांगून मोकळा होतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एचआर बघते. त्या दिवशी आम्हाला चेकिंग-पॅकिंगला काही बायका-मुली हव्या होत्या आणि ऑफिसला एक डेटा एंट्रीवाली किंवा वाला. पेपरात जाहिरात दिली नव्हती. व्हॉट्सॲपवर एक मेसेज सोडला, तर तो रात्रीतून मोहोळ-अक्कलकोटपर्यंत फिरून आला.

टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं. मी, आमचा प्रॉडक्शन मॅनेजर आणि ठेकेदाराचा माणूस. चेकिंगची सगळी मंडळी ठेक्यावर, म्हणून ठेकेदाराचा माणूस. मॅनेजर वयानं लहान, पुण्याहून आलेला, हुशार. पण कुठल्याशा ट्रेनिंगमधून प्रश्नांची एक यादी घेऊन आलाय आणि ती सोडत नाही. 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' हा त्याचा लाडका प्रश्न. टॉवेलचे दोरे कापायला आलेल्या मुलीलाही तो हेच विचारतो. एकीनं सरळ सांगितलं होतं, 'लग्न झालेलं असंल की, सर.' त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

सकाळचा वेळ नेहमीसारखा गेला. डिप्लोमा झालेली पोरं हेल्परच्या जागेसाठी. पुण्यात रूमचं भाडं आणि मेसचे पैसे भरून हाती काही उरेना म्हणून परत आलेला एक, आणि जागा मिळाली तरी दिवाळीनंतर पुण्याला जाणार हे चेहऱ्यावर लिहिलेले तिघं-चौघं. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघालं की दुपारच्या आत पुणं. सोलापूरच्या आईबापांनी ही गाडी जेवढी मनातल्या मनात शिव्या घालून पाहिली असेल तेवढी दुसरी कुठली नसेल. बाकी फॉर्मवर 'अनुभव' या रकान्यात बहुतेकांनी 'नाही' लिहिलेलं. मला हा रकाना फार खोटा वाटतो. आठवीपासून सुट्टीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, मामाच्या शिलाईच्या युनिटात शाळेच्या युनिफॉर्मला काज-बटण करणारी, घर उचलणारी पोरं 'फ्रेशर' म्हणून समोर बसतात. ज्या गावात १८७७ साली 'जुनी गिरणी' म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली आणि तेव्हापासून घराघरात कुणी ना कुणी सुताला हात लावून आहे, तिथं अनुभव नसलेला माणूस शोधून काढावा लागेल. कागद नसतो, एवढंच.

जेवणाच्या आधी एक बाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर. चापूनचोपून नेसलेली साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेला न टेकता व्यवस्थित मागे रेलून बसल्या. मराठी आमच्या शहराच्या पूर्व भागातलं, तेलुगूची फोडणी असलेलं. मी आपली सवयीनं म्हणाले, "अक्का, आधी कुठं काम केलंय?"

"विड्या वळते की. लग्नाच्या आधीपासून."

मॅनेजरनं पेन उचललं. "म्हणजे कंपनी एक्सपिरियन्स नाही."

अक्कांनी पिशवी उघडली. विडी कामगाराचं फोटोवालं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा वर्षवार लावलेल्या, मुलीला मिळालेल्या विडी कामगारांच्या शिष्यवृत्तीचे कागद, लाल बावट्याच्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या. सकाळपासून आलेल्या कुणाकडेही, अगदी डिप्लोमावाल्यांकडेही, इतके नीट लावलेले कागद नव्हते. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा १९६६ साली झाला आणि फंड १९७७ पासून लागू झाला, तो काही कुणी आपणहून ताटात वाढला नाही. त्यासाठी या शहरात किती मोर्चे निघाले हे पूर्व भागातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. हे मला माहीत होतं. पण त्याचा पुरावा असा टेबलावर मांडलेला प्रथमच पाहिला.

चेकिंगला घेताना आम्ही एक छोटी परीक्षा घेतो. टेबलावर काही टॉवेल ठेवतो, त्यातल्या काहींत दोष असतात: ओढला गेलेला लूप, तेलाचा डाग, डबल तार, कडेची सुटलेली शिलाई. फ्रेश माल एकीकडे, सेकंड दुसरीकडे करायचा. बहुतेक जणी टॉवेल उजेडाकडे धरून बघतात. अक्कांनी धरला नाही. टॉवेलची कड अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये घेतली आणि जसं पान वळतात तशी ती कड सरकवत गेल्या. अंगठ्याच्या टोकाला तंबाखूचा पिवळा-तपकिरी रंग कायमचा मुरलेला. एका जागी बोटं थांबली. "इथं टाका सुटलाय." पुढचा टॉवेल. "ह्यात तार दोन आल्यात." डोळे तोवर आमच्याकडेच होते.

"कसं कळलं?" मॅनेजरनं विचारलं. पहिल्यांदाच यादीबाहेरचा प्रश्न.

"विडीच्या ब्रँचमध्ये चेकर छाट काढतोय ओ. कट्ट्यात एकदोन विड्या वाईट निघाल्या की पुरा कट्टा बाजूला फेकतोय, पैसा नाही. मग हात आपोआप शिकतंय."

मॅनेजर माझ्याकडे बघून मान हलवू लागला, म्हणजे घ्या. मी पगार सांगायला तोंड उघडलं तर अक्का म्हणाल्या, "मॅडम, तुमचं झालं असंल तर आता मी विचारू का?"

विचारा म्हटलं. एवढ्या मुलाखती घेतल्या, पण शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' म्हटल्यावर लोक 'कधी कळवाल' यापलीकडे जात नाहीत.

"हजेरी कुणाच्या नावावर? कंपनीच्या का ठेकेदाराच्या?"

ठेकेदाराच्या, मी म्हणाले.

"ठेकेदार बदलला तर नोकरी जुनी धरता का नवी?"

मी मॅनेजरकडे पाहिलं. त्यानं ठेकेदाराच्या माणसाकडे.

"नवी धरत असाल तर ग्रॅच्युइटीची पाच वर्षं कधीच भरायची नाहीत. फंडाचा नंबर तर तोच राहतंय, ते ठाऊक हाय. विमा कापता का? कापत असाल तर कार्ड किती दिवसांत हातात देता? आणि..." इथं त्या जरा थांबल्या, ठेकेदाराच्या माणसाकडे वळल्या. "फंडाचे दोन्ही हिस्से आमच्याच पगारातनं कापतेत का ओ तुम्ही?"

ठेकेदाराचा माणूस मोबाइलमध्ये काहीतरी अर्जंट बघू लागला.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. फंडाला कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. बारा हजारांवर कामगाराचे १,४४० कापले जायला हवेत. पण काही ठेकेदार बारा हजार म्हणून सांगतात आणि २,८८० कापतात, म्हणजे मालकाचा हिस्सा पण गुपचूप कामगाराच्याच खिशातून. फंडाच्या ऑफिसात रक्कम वेळेवर जमा होते, चलन बरोबर असतं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पोरींना 'कटिंग होऊन एवढे मिळतील' एवढंच सांगितलेलं असतं. हा प्रश्न मला एमबीए झालेल्या कुणी कधी विचारला नव्हता, आणि विडी वळणारी बाई तो ठेकेदाराच्या तोंडावर विचारत होती.

"बघून सांगते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

नंतरचे प्रश्न भराभर आले. बायकांची मुतारी कुठल्या मजल्यावर, ओव्हरटाइम दुप्पट का सरळ, कुंभारीच्या घरकुलातून सकाळी यायला गाडी हाय का. त्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहतात, २००६ मध्ये विडी कामगारांना दहा हजार घरं मिळाली त्यातल्या एका घरात. "ते घर पण कार्डावरच मिळालं," हे त्यांनी वेगळं सांगितलं.

मॅनेजरनं न राहवून विचारलं, "पण विडीत आता राहिलंय काय? इथं पगार दुप्पट मिळेल तुम्हाला."

"राहिलं नाहीच की. पान-तंबाखू आठवडाभर पुरत नाही." मग त्या माझ्याकडे बघून बोलू लागल्या, बहुतेक मॅनेजर त्यांना पोरगा वाटला असावा. "आमचे मालक..." म्हणजे नवरा, "...ह्यांनी जन्मभर माग चालवला, मॅडम. जकार्डचा कारागीर. चादरीवर मोर काढायचा तर त्यांनीच. मला तवा हजार विडीला मिळायचे त्याच्या कितीतरी जास्त आणायचे. मग कारखान्यानं माग भंगारात घातले. हिशेबाला गेले तर मालकानं वही काढली. वहीत ह्यांचं नाव होतं, नाही असं नाही. उचल किती घेतली तेवढ्यापुरतं. दुसरं कुठंच नव्हतं." त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा एकावर एक लावले. "मला अठ्ठावन्न झाल्यावर महिन्याला हजार-बाराशे पेन्शन येतंय. हजारात काय येतंय ते मला कळत नाही का? पण ते मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. ह्यांचं काम मोठं होतं. नोकरी माझी होती."

यावर कुणी काही बोललं नाही. मीच विचारलं, "मग अक्का, कधीपासून येता?"

"मी कशाला येऊ?" त्या हसल्या. "पोरीसाठी आले. बी.कॉम. झाली, टायपिंग झालंय. तो मेसेज तिच्या मोबाइलवर आला. मी म्हटलं थांब, आधी मी जाऊन बघून येते."

मुलीचं लग्न ठरवताना आधी घरची बाई मुलाकडचं घर बघून येते. न्हाणीघर कसं आहे, सासू कशी बोलते, पाणी किती वाजता येतं. आमची नेमकी तशी तपासणी झाली होती, आणि टॉवेल तपासून त्यांनी आमच्या मालाचा दर्जाही पाहून घेतला होता. मॅनेजरला हे कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं वहीतलं 'सिलेक्टेड' खोडलं.

त्या संध्याकाळी मी ठेकेदाराकडून पगारपत्रकं मागवली. दोन दिवस टोलवाटोलवी झाली, मग आली. दोन्ही हिस्से कापलेले होते. मालकांच्या केबिनमध्ये काय झालं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ठेकेदारानं भरणा बरोबर केला नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे वाक्य मी बरेच वेळा म्हटलं एवढंच. मालक वाईट माणूस नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न 'हे बाहेर कुणाला कळलं?' असा होता. बायकांना मागचे पैसे तीन हप्त्यांत परत मिळाले. ठेकेदार तोच आहे. ठेक्यावरच्या बायकांना कंपनीच्या हजेरीवर घेण्याचं अजून 'बघू'वरच आहे.

आठवड्यानं मुलगी आली. डेटा एंट्रीच्या जागेसाठी. आईच्या अगदी उलट, आवाज ऐकायला पुढे वाकावं लागे. टायपिंगची परीक्षा दिली, एक्सेलमध्ये बेरजा करून दाखवल्या, मराठी टायपिंग तर आमच्या जुन्या क्लार्कपेक्षा जलद. मॅनेजरनं यावेळी पाच वर्षांचा प्रश्न टाळला. "जागा तुमचीच समजा," म्हणाला.

"आईनं सांगितलंय, लेटर मिळाल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

मी लेटर काढून दिलं. ऑफिसची जागा कंपनीच्या हजेरीवर, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. तिनं उभ्यानंच ओळ न ओळ वाचली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, इथं पगार ठोक लिहिलाय. मूळ पगार आणि महागाई भत्ता वेगळा लिहून मिळंल का?" पुन्हा प्रिंट काढली. ती सही न करता पत्र घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आणलं तेव्हा तिच्या सहीखाली आणखी एक सही होती, तेलुगूत. साक्षीदाराची जागा त्या नमुन्यात नाहीच. मी तसंच फाइलला लावलं.

आईच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही, ते म्हणजे कुंभारीहून येण्याजाण्याच्या गाडीचं. बसचा प्रस्ताव दोनदा वर गेला आणि दोनदा परत आला. सध्या घरकुलातल्या पाच जणी मिळून महिन्याच्या बोलीनं रिक्षा लावतात. रिक्षावाला परवा गेटवर भेटला तेव्हा माझ्याकडेच तक्रार करत होता की त्या बाईनं भाडं ठरवताना सुट्ट्यांचे दिवसपण वजा करून घेतले.