ऐंशी एकरांचा माग

माझ्या सासरी एक वाक्य चार पिढ्या चालत आले आहे. स्वीडनहून आलेल्या खापरपणजोबांना सरकारने अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात 160 एकर जमीन फुकट दिली, तिथे त्यांच्याआधी कोणीही नव्हते आणि ती जमीन सोडून ते एक दिवसही कुठे गेले नाहीत. लग्न होऊन मी ओमाहाला आले त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात हे वाक्य मी प्रथम ऐकले आणि पुढे दरवर्षी ऐकत गेले. त्या गृहस्थाचा शोध घ्यायचा, असे तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी मनावर घेतले, तेव्हा इंटरनेटवरचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

सुरुवातीचे तीन महिने वाया गेले आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. मी नावाच्या मागे लागले. 1880 च्या जनगणनेत नेब्रास्काच्या पोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, त्यांच्याच नावाचे, जवळपास त्यांच्याच वयाचे दोन स्वीडिश शेतकरी होते आणि त्यातल्या चुकीच्या माणसाची मुलेबाळे, थडगे, वंशवेल असे सगळे मी मोठ्या हौसेने जमवले. 1890 ची जनगणना हाती असती तर चूक लवकर कळली असती. पण 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत त्या नोंदींचा बहुतांश भाग खराब झाला आणि उरलेला पुढे सरकारनेच नष्ट केला. नेब्रास्कापुरती ही पोकळी 1885 ची राज्य जनगणना काही अंशी भरून काढते, आणि तिच्यातील मुलांची नावे जुळेनात तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

माझे वडील नाशिक जिल्ह्यात तलाठी होते. फोनवर हे रडगाणे त्यांच्यापुढे गायले, तर ते म्हणाले, "अगं, माणसाला कशाला शोधतेस? आधी जमीन शोध. गट नंबर काय आहे?"

गट नंबर मिळाला, आणि तो अर्ध्या तासात मिळाला. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने जमिनीची जी पहिली मालकीपत्रे दिली, त्यांच्या प्रतिमा जमीन व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. राज्य, काउंटी आणि आडनाव भरले की मालकीपत्र समोर येते आणि त्यावर जमिनीचे वर्णन असते. आमचे होते : टाउनशिप 14 उत्तर, रेंज (म्हणजे टाउनशिपची उभी रांग) 2 पश्चिम. खाली सेक्शनचा सम आकडा आणि त्याच्या कोणत्या चतुर्थांशाचा कोणता अर्धा, हेही दिलेले होते. सहा मैल लांब-रुंद चौकोन म्हणजे एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. नेब्रास्कात ही मोजणी 40 व्या अक्षांशापासून उत्तरेकडे होते. हे सांगताच बाबांनी लगेच हिशेब केला, की जमीन त्या रेषेच्या वर साधारण 80 मैलांवर पडते. नकाशा न पाहता केलेला तो हिशेब बरोबर होता.

मात्र मालकीपत्रावर एकरांचा आकडा 160 नव्हता, 80 होता. सासऱ्यांना तो लिहिणाऱ्या कारकुनाचा प्रमाद वाटला. 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला 160 एकर मिळत, हे त्यांनी शाळेत शिकले होते. ते खरेच होते. पण रेल्वेला दिलेल्या पट्ट्यात कायदा निराळा होता. प्लॅट नदीकाठाने गेलेल्या युनियन पॅसिफिक रेल्वेला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंतचे विषम क्रमांकाचे सेक्शन बक्षीस मिळाले होते, आणि मधल्या सम क्रमांकाच्या सेक्शनमध्ये साध्या वसाहतकाराला 1879 पर्यंत 80 एकरच घेता येत. आमची जमीन त्या पट्ट्यात होती.

मालकीपत्र हा शेवटचा कागद असतो आणि त्यात माणूस फारसा दिसत नाही. माणूस दिसतो तो त्याच्या अर्जाच्या संचिकेत. या मूळ संचिका वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तिथून फी भरून प्रती मागवता येतात. नेब्रास्काच्या संचिकांचे मात्र डिजिटायझेशन झाले असून बीट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात त्या संगणकावर पाहायला मिळतात. डॅनियल फ्रीमन या गृहस्थाने 1 जानेवारी 1863 रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी जिच्यावर हक्क नोंदवला, ती ही जागा. एका शनिवारी सासऱ्यांना घेऊन तिथे गेले.

संचिकेत जेमतेम पंधरा-वीस पाने होती. 1872 चा अर्ज, शुल्काची पावती, नागरिकत्वाचा दाखला आणि 1878 मधली अंतिम पुराव्याची, म्हणजे जमिनीवर राहून ती कसल्याची, जबानी, तीही छापील प्रश्नांखाली पेनाने लिहिलेल्या उत्तरांची. घर कशाचे? ढेकळांचे, म्हणजे गवताच्या मुळांसकट नांगराने कापलेल्या मातीच्या विटांचे. किती मोठे? चौदा फूट बाय सोळा फूट, एक दार, दोन खिडक्या. विहीर आहे, गोठा आहे, बत्तीस एकर नांगरले आहेत. कुटुंबात कोण? पत्नी आणि तीन मुले. दोन शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या आणि याच साक्षीदारांमुळे दोन सारख्या नावांचा घोळ कायमचा मिटला, कारण जनगणनेच्या यादीत खऱ्या कुटुंबाच्या वर-खाली हीच दोन घरे होती.

पुढच्या प्रश्नाशी सासरे थबकले. जमिनीवरून कधी अनुपस्थित होता काय? होय, 1874 च्या हिवाळ्यात सहा महिने, टोळांनी पीक खाल्ल्यामुळे, रेल्वेच्या कामावर मजुरीसाठी. त्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळांनी नेब्रास्का आणि कॅन्सस धुऊन काढले होते, आणि पिके गेलेल्यांनी काही काळ जमीन सोडली तरी त्यांचा हक्क बुडणार नाही, अशी सवलत अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याच वर्षअखेरीस दिली होती. ज्या टोळांनी त्यांना देशोधडीला लावले, ती जातच पुढे नामशेष झाली. तिचा शेवटचा जिवंत नमुना 1902 मध्ये मिळाला. सासरे त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, की पणजोबा मजुरीला गेले होते हे आजोबांना नक्की ठाऊक असणार.

"आधी कोणीही नव्हते" या वाक्यासाठी संचिकेची गरजच नव्हती. प्लॅटच्या दक्षिणेकडचा हा प्रदेश पॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी 1833 च्या तहाने सोडला, उत्तरेकडचा 1857 मध्ये. नदीपलीकडे जिनोआजवळ त्यांची राखीव जमीन होती, आणि आमचे खापरपणजोबा विहीर खणत होते त्याच सुमारास, 1874 पासून पुढच्या दोनेक वर्षांत, ते लोक आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले. एका दिवसाच्या गाडीप्रवासावरचे हे शेजारी घरच्या कथेतून इतके स्वच्छ कसे पुसले गेले, हे मला अजून उमगत नाही. सासऱ्यांनी यावर वाद घातला नाही. मात्र त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी ते वाक्य उच्चारलेही नाही.

स्वीडनचा भाग त्यामानाने सोपा गेला. इथल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या सभासदवहीत प्रत्येकाची जन्मतारीख आणि मूळ पॅरिश, म्हणजे गावाकडच्या चर्चचा विभाग, लिहिलेली होती, आणि स्वीडिश राष्ट्रीय अभिलेखागाराने पॅरिशच्या वह्यांच्या प्रतिमा 2018 पासून सर्वांना विनामूल्य केल्या आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये वही उघडून कुळाची नावे वाचतात, त्याची आठवण यावी अशा या वह्या आहेत. फरक इतकाच, की तिथला पाद्री घरोघरची परीक्षा घेई आणि कोणाला वाचता येते, कोणाला धर्मप्रश्नोत्तरी पाठ आहे, हेही टिपून ठेवी. त्या वह्यांत बाप आणि मुलगा यांची आडनावे निराळी पाहून नवरा गोंधळला होता. अँडर्सचा मुलगा अँडर्सन, पण तो स्वतः कार्ल असेल तर त्याचा मुलगा कार्लसन. जन्मभर मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावलेल्या मला हे समजावून घ्यावे लागले नाही. 1869 च्या ओळीत, दुष्काळाच्या वर्षांच्या शेवटी, पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिले होते : उत्तर अमेरिका.

राहिला प्रश्न 160 एकरांचा. बाबा तो सोडायला तयार नव्हते. "ऐंशीचे एकशेसाठ झाले असतील तर फेरफार कुठेतरी असणारच," असे ते प्रत्येक फोनवर म्हणत. शेवटी ऑसिओलाच्या काउंटी कोर्टहाउसमध्ये खरेदीखतांची वही काढून घेतली. लगतच्या विषम सेक्शनमधले 80 एकर त्यांनी रेल्वेकडून हप्त्याने विकत घेतले होते. म्हणजे आकडा खरा होता. अर्धी जमीन तेवढी फुकट नव्हती.

तीन पाने पुढे त्याच 160 एकरांचे गहाणखत होते. खाली त्यांची सही होती आणि सहीशेजारी एक फुली, फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने लिहिलेले पत्नीचे नाव. सरकारी संचिकेत ती केवळ "पत्नी" होती. वहीचा फोटो काढून मी बाबांना पाठवला आणि त्या नावाचे स्पेलिंग कागदावर उतरवून घेतले. चर्चच्या वहीतली तिची पॅरिश नवऱ्याच्या पॅरिशपेक्षा वेगळी आहे, सध्या तिथल्या वह्या वाचते आहे.