मेलेल्या झाडांची वही

आमच्या पाटीवर रोपवाटिकेचं नाव नाही. २०११ साली रंगाऱ्याने अक्षरामागे भाव सांगितला आणि आम्ही हिशेब करून 'रोपे मिळतील' एवढ्यावर थांबलो. पुढे पैसे आले, पण पाटी तीच राहिली. सिंहगड रस्त्याला, धायरीच्या अलीकडे भाड्याची दोन गुंठे जागा, वर हिरवं शेडनेट, कोपऱ्यात पत्र्याची खोली. तेव्हा एवढंच होतं, आजही फार काही वाढलेलं नाही.

त्याआधी मी एका पतसंस्थेत नऊ वर्षं खाती लिहिली. नवऱ्याचे मामा उरुळी कांचनजवळ सोरतापवाडीला ठोक नर्सरी करतात. तो पट्टाच नर्सऱ्यांचा. 'माल घेऊन जा, विकला की पैसे द्या,' असं मामा म्हणाले आणि माझ्यातली हिशेबनीस भुलली. नोकरी सोडली. फंडाचे पैसे आले त्यात एक जुना 'छोटा हत्ती' टेंपो घेतला आणि पहिली गाडी भरून आणली.

काय आणलं? जे आम्हाला आवडलं ते. लॅव्हेंडर, रोझमेरी, हायड्रेंजिया, कलमी गुलाबाचे सात रंग. डिसेंबरचे दिवस होते, सगळं टवटवीत. पहिल्या दोन महिन्यांत माल इतका खपला की नवऱ्याने शेजारचा गुंठाही घ्यायचा विषय काढला. मी म्हटलं, एक पावसाळा जाऊ दे.

पावसाळा गेला आणि आधी आलेली माणसं परत आली नाहीत. दुकान रस्त्यावर असल्यामुळे येणारे-जाणारे ओळखीचे झाले होते. पण सकाळी फिरायला जाणाऱ्या एक काकू आमच्या फाटकाशी आल्या की पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. एकदा मीच हाक मारली. "काकू, गुलाब कसा आहे?"

काकू ओशाळल्या. "गेला गं. दोनदा नेला, दोन्ही वेळा गेला. माझा हातच नाही झाडांना."

मी म्हटलं, कुंडीसकट घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्या भाजीच्या पिशवीत कुंडी घेऊन आल्या. फरशीवर उपडी केली. बाहेरची माती भुसभुशीत, छान. काकूंनी शेणखत घालून स्वतः तयार केलेली. मध्ये मात्र आमच्याकडून गेलेला तांबड्या चिकण मातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा. काकू घालत होत्या ते पाणी त्या गोळ्याच्या कडेने उतरून खाली जात होतं आणि तळाशी साचत होतं. गोळ्याच्या आतली मुळं कोरडी, खालची काळी आणि लिबलिबीत. गाडीत हलू नये, वाटेत सुकू नये म्हणून रोपं अशा मातीत बांधून येतात. घरी लावताना तो गोळा भिजवून कडेने हलकेच फोडायचा असतो. हे काकूंना कोणी सांगायला हवं होतं? आम्हीच. आणि त्या बिचाऱ्या वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत होत्या.

त्या दिवशी मी पतसंस्थेतून उरलेली एक लांब खातेवही काढली आणि रकाने आखले: झाड, नेल्याची तारीख, कुठे ठेवलं, पाणी कोण घालतं, कसं मेलं. पाटीखाली खडूने लिहिलं, 'मेलेलं झाड कुंडीसकट आणल्यास नवीन रोप निम्म्या किमतीत.' नवरा म्हणाला, दिवाळं निघेल. दिवाळं काही निघालं नाही, पण पहिल्या वर्षी नफाही दिसला नाही. वही मात्र भरत गेली. आज तिचा तिसरा भाग चालू आहे.

वहीतली सगळ्यात लांब नोंद पाण्याची. तहानेने मेलेली झाडं त्यात कमीच. निम्म्याहून जास्त बुडून मेलेली. नवीन माणूस झाड नेतो तेव्हा त्याला सारखं काहीतरी करावंसं वाटतं, आणि करण्यासारखं एकच हाताशी असतं, ते म्हणजे पाण्याचा मग. आमच्याकडे पाणी घालायला येणाऱ्या मावशींची रीत मी सगळ्यांना दाखवते. मावशी पाइप खांद्यावर टाकून रांगेतून चालतात, एकेक पिशवी दोन बोटांनी उचलून बघतात आणि वजनावरून ठरवतात. "हिला नको. हिला नको. ही फुलासारखी हलकी झालीय, हिला घाला." मोठी कुंडी उचलता येत नाही; तिथे बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली की हात धुऊन घरात जायचं.

दुसरी मोठी नोंद तुळशीची, आणि ती लिहिताना मला अजूनही जपून बोलावं लागतं. तुळस वाळली की घरात कुजबुज सुरू होते. एक ताई तर फोनवर रडत होत्या, सासूबाई म्हणतात घराला काहीतरी लागलंय. मी त्यांना विचारलं, पाणी किती घालता? आंघोळ झाली की तांब्याभर. घरात माणसं किती? पाच. पाचही जण? हो. सहा इंची कुंडीत रोज पाच तांबे! सासूबाईंशी बोलताना मी शास्त्र वगैरे काढलं नाही. म्हटलं, आजी, देवाला आपण पळीनेच पाणी सोडतो ना, तुळशीलाही पळीनेच सोडा. ते पटलं. शिवाय तुळस हे मुळात दोन-तीन वर्षांचं झाड आहे. मंजिऱ्या आल्या की बी धरून ती संपायच्या वाटेला लागते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर जास्त टिकते. थंडीत पानं गाळते, त्यात कोणाचा दोष नसतो. तुळशीच्या लग्नाच्या आधी रोप नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि खुडलेल्या मंजिऱ्या त्याच कुंडीत चुरून टाका, पुढची रोपं तुमची तुम्हालाच मिळतील, हेही. नवरा तेव्हा माझ्याकडे बघत असतो.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं. ते बघून आलेली माणसं दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हजर. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, सगळं फुलांनी लगडलेलं हवं असतं. ही हिवाळी फुलझाडं ऑक्टोबरात पेरलेली असतात. जानेवारी म्हणजे त्यांचा भर आणि होळीनंतर ऊन तापलं की ती संपतात. पूर्वी आम्ही हे न सांगता विकायचो, आणि एप्रिलमध्ये माणूस समजायचा की झाडं आपण मारली. आता त्या ट्रेंना पाटीच लावली आहे: 'होळीपर्यंत'. विक्री फारशी घटली नाही. पाहुणा कधी जाणार हे माहीत असलं की लोक त्याचं कौतुक मोकळेपणाने करतात.

लॅव्हेंडरला वहीत स्वतंत्र पान आहे. पानावर सगळीकडे एकच महिना, जुलै. त्याला कोरडी हवा, निचऱ्याची माती लागते. आपला दमट पावसाळा त्याला सोसत नाही. आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून जी शोभेची रोपं येतात त्यांचं उलटं. ती वाढतात गोदावरीकाठच्या दमट हवेत आणि पुण्यात उतरतात एप्रिलच्या कोरड्या झळांत. पहिल्या आठवड्यात निम्मी पानं टाकतात. अशी गाडी आली की आम्ही पंधरा दिवस माल सावलीत ठेवतो, विकत नाही. एकदा एका ठोक व्यापाऱ्याने अशा थकलेल्या रोपांची अख्खी गाडी 'इथेच वाढवलेली' म्हणून गळ्यात मारली होती, तेव्हापासून गाडी उतरवताना पिशवीतली माती मी स्वतः हातात घेऊन बघते.

मग नवख्याला काय द्यायचं? आमच्याकडे फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला एक लोखंडी मांडणी आहे, ती पहिल्यांदाच झाड नेणाऱ्यांची. तिच्यावर देखणं असं काही नाही. चार-पाच तास ऊन असेल तर सदाफुली, जी पन्हाळीतल्या फटीतसुद्धा उगवते आणि बारा महिने फुलते. लाल, एकेरी, गावठी जास्वंद. रंगीबेरंगी मोठ्या फुलांची संकरित जास्वंद मी पहिल्यांदा देत नाही. तिच्या कळ्या गळतात आणि पिठ्या ढेकूण तिला शोधत येतो. गावठीलाही येतो, पण ती पुसून काढली की सावरते, आणि गणपतीला रोज एक फूल मिळतं म्हणून घरातलं कोणी ना कोणी तिच्याकडे रोज बघतं. हे रोजचं बघणं खतापेक्षा मोलाचं. गवती चहा. कढीपत्ता, फक्त पहिलं वर्षभर तो रुसल्यासारखा उभा राहतो एवढं सांगून. त्याला आंबट ताक घालावं की नाही यावर काकूंमध्ये वाद होतात. घाला बापड्या, पण ऊन नसेल तर ताकाने काही व्हायचं नाही. भर पश्चिमेच्या बाल्कनीला बोगनवेल, जिला पाणी थोडं कमी पडलं तरच ती फुलते. ज्यांचा हात सारखा मगाकडे जातो त्यांना मी ती देत नाही, अळूचा कंद देते.

ऊन नसेल तर स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट. गरीब घरजावयासारखी झाडं, असं आमच्या मावशी म्हणतात. कोपऱ्यात पडून असतात, कुरकुर नाही. रांगतं मूल असेल तर डायफेनबाखिया नको, त्याचा चीक तोंडाला लागला की आग होते. कण्हेर तर विषारीच, ती घरात लहान मूल आहे का हे विचारल्याशिवाय आम्ही देत नाही.

भाज्यांचं सांगते. सगळ्यांना टोमॅटो हवा असतो. मी म्हणते, आधी मेथी टाका. स्वयंपाकघरातली मूठभर मेथी, पसरट भांड्यात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते. धने टाकणार असाल तर रगडून दोन फाका करून टाका आणि आठवडा-दहा दिवस धीर धरा. पुदिन्याचं रोप माझ्याकडे आहे, पण मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या तरी मुळं धरतात. "अशाने आपलं दुकान चालायचं कसं?" हा नवऱ्याचा प्रश्न मला पाठ आहे. चालतं ते असं, की मेथी खाल्लेला माणूस महिन्याभरात कुंड्या घ्यायला येतो.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. मोगऱ्याच्या आठशे पिशव्या कळ्यांवर आलेल्या आणि त्याच दिवसापासून सगळं बंद. आम्ही जवळच राहतो म्हणून पाणी घालायला जाता आलं. मोगरा फुलून फुलून मातीत पडला. मी आणि मावशी सकाळी ओंजळी भरून फुलं वेचायचो आणि कोणाला द्यायची हे कळायचं नाही. त्या उन्हाळ्यात पैसे गेले. पण जूननंतर फोन सुरू झाले. घरात अडकलेल्या माणसांना काहीतरी हिरवं हवं होतं, आणि येता येत नव्हतं म्हणून ती बाल्कनीचे फोटो पाठवायला लागली. नऊ वर्षं झाडं विकून मी गिऱ्हाइकाची बाल्कनी तेव्हा पहिल्यांदा बघितली! मग नियमच केला: सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी चार असे तीन फोटो पाठवा, मग झाड सांगते.

मला वाटलं, आता चुकायला जागाच उरली नाही. चुकले. नऱ्ह्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी तीन फोटो पाठवले, सकाळी नऊला कठड्यावर झकास ऊन. मी दोन मोगरे दिले. दिवाळीला त्यांचा फोन आला, झाड नुसतं ग्रिलबाहेर माना काढतंय. पुढच्या चैत्रात एक कळी नाही. सर स्वतः दुकानात आले, भूगोल शिकवायचे ते. त्यांनी खडू मागितला आणि फरशीवर पुणं काढलं. "ताई, माझी बाल्कनी उत्तरेची. मी फोटो पाठवले जूनमध्ये. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून तर वर्षातून दोनदा आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. तेवढे दिवस मला सकाळचं तिरपं ऊन. त्यातही निम्मे दिवस ढग. दसऱ्यापासून थेट ऊन जे जातं ते होळीनंतरच परत फिरतं." माझ्या वहीला 'दिशा' आणि 'महिना' असे दोन रकाने त्या दिवशी वाढले. सरांचे मोगरे मी परत घेतले, ते आता आमच्या फाटकाशी आहेत. त्यांच्याकडे सिंगोनियम आणि स्पायडर प्लांट मजेत आहेत; स्पायडरची टोकं टँकरच्या जड पाण्याने करपायची, पावसाचं साठवलेलं पाणी घालायला लागल्यापासून ते कमी झालंय.

शेजारचा गुंठा आम्ही शेवटपर्यंत घेतला नाही. तिथे आता कार धुवायचं दुकान आहे. मुलगा म्हणतो, वही बंद कर, ॲप करू. करेल तो. सध्या तरी मी लिहितेच आहे, आणि पलीकडच्या फुटपाथवरून जाणाऱ्या त्या काकूंच्या गच्चीवर चौदा गुलाब आहेत. छाटणीला त्या मलाच बोलावतात आणि माझी चूक काढतात.

सोमवारी आम्ही बंद असतो. येताना बाल्कनीचे तीन फोटो आणि दिशा घेऊन या. मेलेलं झाड असेल तर तेही आणा, कुंडीसकट.