हलक्या स्की घेऊन गुलमर्गला: सहा दिवसांचा वृत्तांत

आतेभाऊ म्युनिकहून दिवाळीला आला तो एक लांबलचक पिशवी खांद्यावर टाकून. त्याने नवी जोडी घेतली होती, म्हणून जुनी माझ्या पदरात पडली. १७२ सेंटिमीटर लांब, पायाखाली ९६ मिलिमीटर रुंद, ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणारी स्की. आत पॉलोनियाचं हलकं लाकूड, वर कार्बनच्या पट्ट्या, धातूचा पत्रा कुठेच नाही. सामान मोजायच्या हुकाच्या काट्यावर बाइंडिंगसकट (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) एक स्की अडीच किलो भरली. गुलमर्गच्या बाजारात भाड्याने मिळणारी तेवढ्याच लांबीची स्की नंतर त्याच काट्यावर मोजली, तर सव्वातीन किलो. म्हणजे जोडीमागे दीड किलोचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. चार हजार मीटरच्या आसपास खांद्यावर घेऊन चालताना वाटत नाही.

माझी पातळी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचता येईल. औलीला १४ दिवसांचा कोर्स केला, त्यानंतर ही गुलमर्गची चौथी खेप. उतार जमतो, झाडांतून जमतं, पण वेग वाढला की अजून पोटात गोळा येतो.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा गाठला होता. चिल्लई कलान, म्हणजे थंडीचे कडक चाळीस दिवस, ३० जानेवारीला संपतात, पण बर्फाला ते कुणी कळवत नाही. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी गाडी, पुढचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेली. तिथे गाडी बदलावी लागते हे गृहीत धरा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. सोबतच्या मित्राला हे तिथे पोचल्यावर कळलं आणि सहाही दिवस तो माझ्या फोनवरून घरी बोलत होता.

पहिल्या दिवशी वर गेलोच नाही. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, आणि गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा (२००५ पासून सुरू आहे) थेट ३९५० च्या आसपास नेऊन सोडतो. पुण्याची फुप्फुसं घेऊन दुसऱ्याच सकाळी तिथे जाण्यात शहाणपणा नाही. तो दिवस बाजारात बाइंडिंग लावून घेण्यात घालवला. भावाचं बाइंडिंग पटरीवर सरकणारं असल्यामुळे माझ्या बुटाच्या मापाला बसलं, पण सुटण्याचा आकडा त्याच्या वजनाचा, ९ वर होता. तो भरलेला, मी काटकुळा. माझं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि पातळी बघून दुकानदाराने तो ६ वर आणला. कुणाच्या उसन्या स्की वापरणार असाल तर एवढं केल्याशिवाय त्यांवर उभे राहू नका. पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. आणि स्क्रू स्वतः फिरवू नका.

दुसऱ्या रात्री गुडघाभर बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी गोंडोलाच्या रांगेत दोन तास गेले, कारण ताजा बर्फ पडला की गस्तीपथक उतार तपासून मोकळा करेपर्यंत वरचा टप्पा उघडत नाही. वारा असेल तर दिवसभर उघडत नाही. सहा दिवसांपैकी आम्हाला वर जायला तीनच मिळाले, म्हणून चार दिवसांचा बेत आखून येऊ नका.

अफरवट डोंगरावरच्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या स्टेशनवरून मोकळ्या आकाशात नंगा पर्वत दिसतो. तिथून धारेवर वीस-पंचवीस मिनिटं स्की खांद्यावर टाकून चढलो. मित्र भाड्याच्या जोडीखाली दर तीस पावलांना थांबत होता, मी पन्नास. मागच्या बाजूला उतरायचा मोह धरू नका, नियंत्रण रेषा जवळ आहे.

आणि मग उतार. मांडीपर्यंतच्या भुसभुशीत बर्फात या स्की काय सुंदर चालल्या! टोक वर वळलेलं असल्यामुळे ते बुडत नाही, आणि स्की हलकी असल्यामुळे वळायचं मनात आलं की पाय वळलेला असतो. भाड्याच्या जड स्कीला आधी विनंती करावी लागते. खाली भूर्जाची झाडं सुरू झाली तिथे तर मजाच. दोन खोडांमध्ये वाव तीन-चार मीटर, तिथे छोटी, झटपट वळणं घ्यावी लागतात आणि हलकेपणाचा सगळा फायदा पदरात पडतो.

वाऱ्याने थापटलेल्या पट्ट्यांवर मात्र चित्र बदललं. वरून कडक पापुद्रा, खाली पोकळ. जड स्की पापुद्रा फोडून जाते, माझी त्यावर चढायची, मग अचानक आत जायची. अशाच एका ठिकाणी डावी स्की सुटली आणि बर्फात गडप झाली. पडलो तिथेच खाली शोधत बसलो, चुकीचं. गाइड वरून ओरडला, "ऊपर देखो साहब, ऊपर!" स्की सुटते त्या क्षणी थांबते आणि आपण पुढे घरंगळत येतो. पडल्याच्या जागेच्या चार-पाच मीटर वर जाऊन, दुसऱ्या स्कीच्या शेपटीने बर्फात आडवे चर मारत खाली यायचं. वडी कापतो तशा एकमेकींजवळ रेघा. पंचवीस मिनिटांनी टक्कन आवाज आला. त्याच्या पुढच्या दिवसापासून दोन्ही बाइंडिंगना दीड मीटरच्या भगव्या रिबिनी बांधल्या, त्यांची मोकळी टोकं पॅंटच्या पायात खोचली. बाजारात केलेली सगळ्यात उपयोगी खरेदी, वीस रुपयांची.

खरी परीक्षा दुपारी. कोंगडोरीहून (गोंडोलाचं मधलं स्टेशन) गुलमर्गपर्यंतचा उतार सकाळी बरा असतो. दिवसभर लोक त्यावरून जातात, ऊन लागतं, आणि तीननंतर सावली आली की सगळ्या चाकोऱ्या तशाच्या तशा गोठतात. रिकामी एसटी खड्ड्यांच्या रस्त्यावरून कशी जाते ते आठवा. तीच गाडी भरलेली असली की निमूट जाते. माझ्या स्की रिकाम्या एसटीसारख्या. प्रत्येक ढेकळावर टोक उडायचं, स्कीची धातूची कड बर्फ धरायची नि सोडायची, पायाच्या नडग्यांपर्यंत थरथर. मी हट्टाने सकाळचाच वेग ठेवला आणि एका खाचेने उजवी स्की बाजूला फेकली. बाइंडिंग सुटलं, म्हणून मांडीवर वांग्याच्या रंगाच्या डागावर भागलं. मित्र त्याच्या जड ओंडक्यांवरून सरळ खाली गेला आणि हसत उभा राहिला. वर चढताना खाल्लेला मार त्याने तिथे वसूल केला.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी कडा घासून घेतल्या, कारण हलकी स्की वजनाने बर्फ धरत नाही, तिला कडेचाच आधार. आणि दुपारनंतर वेग निम्म्यावर आणून वळणं लांब, गोल घेतली, टाचांवर न बसता नडगी बुटाच्या जिभेवर दाबून. थरथर गेली नाही, पण स्की हाताबाहेरही गेली नाही.

शेवटच्या दिवशी जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्यापर्यंत उतरलो आणि जीपने परत आलो. खालचा बर्फ ओला, जड. तिथे स्की ठीक चालली, फार काही नाही.

माझं मत विचाराल तर, चढणार असाल, झाडांत रमत असाल, तर गुलमर्गला हलकी स्कीच न्या. गोंडोलाने वर आणि सुसाट खाली एवढंच करायचं असेल तर बाजारातली जड जोडी घ्या, विमानाचं अतिरिक्त सामानही वाचेल. दोन्ही बाबतींत राखलेल्या उताराबाहेर गाइड, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) यांशिवाय पाऊल टाकू नका. २०२३ आणि २०२४, दोन्ही फेब्रुवारींत इथे परदेशी स्कीअर हिमस्खलनात गेले, आणि त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं स्कीइंग येत होतं.

परतीला श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचा. तपासणी बाहेरच्या फाटकापासूनच सुरू होते आणि स्कीची पिशवी प्रत्येक ठिकाणी उघडावी लागते. घरी आल्यावर ती लगेच रिकामी करा. आम्ही चार दिवस तशीच ठेवली, तर कडांवर तांबूस गंज. बारीक पॉलिश पेपरने तो काढला आणि आईच्या शिलाई मशिनचं तेल कापडाने फिरवलं.