मागचं चाक

झोप येत नाही म्हणून लिहितेय. कारण कुणाला सांगितलं तर हसतील. मागच्या चाकाच्या तारा.

माझ्या इम्पल्स मोटारसायकलच्या दोन्ही रिंगा बदलायला टाकल्या होत्या. पुढची कणकुंबीच्या रस्त्यावर आउट झालेली, म्हणजे वाकून डोलायला लागलेली, मागची गंजून पापुद्रे सुटलेली. पावसाळाभर तांबड्या मातीत गाडी घातली की दुसरं काय होणार. हीरोनं ही गाडी २०११ ला आणली, ब्राझीलच्या होंडा ब्रॉसची बहीणच ती, आणि काही वर्षांत गुंडाळूनही टाकली. त्यामुळे पुढच्या १९ इंची रिंगेसाठी बेळगाव, हुबळी, कोल्हापूर सगळीकडं फोन झाले. मागची १७ ची, ती लगेच मिळाली. असो.

आज उद्यमबागेत, चाकं बांधणाऱ्या मामांच्या शेडमध्ये उभी राहूनच काम बघितलं. निपल, म्हणजे रिंगेत तारा आवळून धरणारे छोटे नट, गंजून बसल्या होत्या, तारा कापण्याशिवाय इलाज नव्हता. मामांनी टायर उतरवला, कटर उचलला आणि मग नुसतंच चाक फिरवत बसले. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ बोट ठेवून म्हणाले, "कोण बांधलंय ओ ताई हे?"

"कोल्हापूरचे मिस्त्री."

"मिस्त्री न्हवे. शिकाऊ हात आहे हा. घाई मात्र केलेली न्हाई."

मग त्यांनी दाखवलं. एका चाकाला ३६ तारा. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा, त्यातल्या निम्म्या आतून, निम्म्या बाहेरून. प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या काही तारा ओलांडून रिंगेपर्यंत जाते. व्हॉल्व्हचं भोक अशा जागी यायला लागतं जिथं शेजारच्या दोन तारा जवळजवळ समांतर आहेत, म्हणजे पंपाचं तोंड आत जातं. सुरुवातीची तार चुकीच्या भोकात गेली की पुढच्या सगळ्या तिच्या मागोमाग सरकतात. चाकाच्या ताकदीला काही होत नाही, आउटही निघतो, फक्त व्हॉल्व्ह तारांच्या फुलीखाली अडकतो.

इतकी वर्षं हवा भरणाऱ्या प्रत्येक पोराच्या शिव्या मी ऐकल्यात आणि त्या कोल्हापूरच्या मिस्त्रीकडं पोचवल्यात. मनातल्या मनात.

तर तो मिस्त्री नव्हताच. रिंगेच्या आत, निपलांवरून, हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती आणि तिचं टोक दुमडून त्रिकोण केला होता. आमच्या घरात टेपच्या प्रत्येक रिळाला तो त्रिकोण असायचा, नंतर टोक शोधायला लागू नये म्हणून. दुसरं कोण करतंय तसं?

त्या वेळी दादा चाक पोत्यात घालून एसटीनं निपाणीला घेऊन गेला होता. तिथून पुढं कोल्हापूरला, असं म्हणाला होता. मजुरीचे पैसे मी दिले होते, नव्या नोकरीच्या पगारातून. रागावले आहे का, तर पैशासाठी नाही. सांगितलं का नाही, एवढंच डोक्यात फिरतंय. मी बांधलं, एवढं म्हणायला काय जात होतं? मी हसले असते? असेनही. पण मला सांगायचंच नाही हे आमच्या घरात कधी ठरलं? घरच्या शेडचा व्यवहार झाला तेव्हाही मला शेवटी कळलं. वहिनीचं तर...

जाऊ दे ते.

संध्याकाळभर स्वतःची कीव करून झाली. घरात धाकटी असली की तिला गाडी द्यायची, खरं द्यायचं नाही, वगैरे. स्वयंपाक करताना तर डोळे भरून आले, आणि कांदा चिरलेला नव्हता.

मग आठवलं की गाडी मला देताना तो म्हणाला होता, "मागच्या चाकाला काही होणार नाही, बिनधास्त घाल." तेव्हा वाटलं कोल्हापूरवाल्याची हमी देतोय. चोर्ला घाटात, जांबोटीत, राजहंसगडाच्या चढाला, कुठं कुठं नाही घातली गाडी. पुढची रिंग वाकली, मागचीला गंज चढला पण तार एक तुटली नाही. हे मामांनीच बोलून दाखवलं, कापता कापता. तेव्हा दादाला बहुतेक व्हॉल्व्ह दिसला असणार, शेवटची निपल आवळून झाल्यावर. पुन्हा सगळं सोडायचा कंटाळा आला असेल. मग मिस्त्री कोल्हापूरचा करून टाकला. मीही तेच केलं असतं, आणि पैसेही ठेवून घेतले असते.

मामांनी नव्या तारा भरल्या, चाक स्टँडवर घेतलं. ज्या बाजूला रिंग जाते तिच्या समोरच्या तारा आवळायच्या, त्या बाजूच्या सैल करायच्या, पाव-पाव फेरा. मध्येच पान्यानं तारा वाजवून बघायचे. एखादी बद्द वाजली की पुन्हा तिच्यापाशी. शंभरेक किलोमीटर चालवून ये, नव्या तारा बसल्या की परत आवळतो, म्हणालेत. हिरव्या टेपचा बोळा मी पर्समध्ये टाकला, ते बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

येताना तिसऱ्या गेटजवळ हवा भरली. पंप सरळ आत गेला, पोरगा काही बोलला नाही.

दादाला फोन करावा की नाही हे अजून ठरत नाही. केला तर फक्त एवढंच विचारणार: त्या मिस्त्रीचा नंबर आहे का रे, चांगलं काम करतो म्हणे.