आमची वाटचाल : अक्काचं घंगाळ

आमच्या पॅकिंग शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक तांब्याचं घंगाळ दिसतं. हंगामात ते रोज पहाटे पाण्याने भरतो. काढलेला आंबा त्यात सोडायचा. बुडाला तर तयार, तरंगला तर कोवळा. कोवळं फळ आमच्या पेटीत जात नाही. हा नियम माझ्या आत्याचा, अक्काचा. आमच्या धंद्याची गोष्ट सांगायची तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

रत्नागिरीजवळच्या पावस गावालगत आजोबांनी लावलेली हापूसची तीसेक कलमं होती. अक्का लग्नानंतर तीन वर्षांतच नवरा गेल्यामुळे माहेरी परतली आणि बागेत रमली. तेव्हा आमचा आंबा मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात दलालाकडे जायचा. आठवड्याने पोस्टाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायची : आडत, हमाली, भाडं वजा जाता जे उरेल ते आपलं. १९७८ च्या एप्रिलमध्ये चाळीस पेट्यांच्या पट्टीत अकरा पेट्या 'नासका माल' म्हणून कापल्या होत्या. त्या पेट्या अक्काने स्वतः भरल्या होत्या. चीक फळावर ओघळू नये म्हणून पेरभर देठ ठेवलेला, पेंढ्याचा थर हाताने चाचपून लावलेला. तिने पट्टी दोनदा वाचली आणि आजोबांना म्हणाली, "पुढच्या गाडीबरोबर मी जाते."

अठ्ठावीस वर्षांची विधवा बाई ट्रकच्या केबिनमध्ये बसून मुंबईला निघणार म्हटल्यावर वाडीत काय काय बोललं गेलं असेल, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आजोबा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी माझ्या बाबांना, म्हणजे अक्काच्या सोळा वर्षांच्या भावाला, एवढंच म्हणाले, "तूही जा तिच्याबरोबर."

तो प्रवास बाबांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की मीच त्या केबिनमध्ये होतो असं वाटतं. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट. खेड मागे पडलं आणि कशेडी घाटात पहाटे गाडीचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला. ड्रायव्हर म्हणाला, दुसरा पाटा महाडहून येईल, दुपार होईल. पेट्या एकावर एक रचलेल्या, वर ताडपत्री, त्यात एप्रिलचं ऊन. आंबा आतल्या आत तापला की संपलाच. अक्काने ताडपत्री सोडायला लावली. खालच्या वाडीत जाऊन चार माणसं घेऊन आली आणि चाळीसच्या चाळीस पेट्या वडाच्या सावलीत उतरवून घेतल्या. दोन पेट्यांमध्ये हात घालायला पुरेल एवढी फट ठेवायची, वारा खेळला पाहिजे, असं ती प्रत्येकाला सांगत होती. दुपारी रिकामी परतणारी एक गाडी तिने हात करून थांबवली, भाडं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माल मार्केटात पोचवला.

तिथे दलालाच्या गाळ्यावर तिने स्वतः पेट्या फोडून दाखवल्या. दोन पेट्यांत डाग निघाला, अडतीस चोख. पट्टी तिच्या समोर लिहिली गेली. त्यानंतर अकरा हंगाम ती मालाबरोबर जात राहिली.

खरा धंदा उभा राहिला तो त्या फेऱ्यांमुळे. परतीच्या गाडीला वेळ असायचा. त्या वेळात अक्का गिरगाव-लालबागच्या चाळींत आमच्या वाडीतल्या चाकरमान्यांकडे जायची. एक पेटी त्यांना, दोन त्यांच्या शेजाऱ्यांना. कोणाला कधी पेटी हवी, कोणाच्या घरी मुंज, कोणाला पेटीत चारच डझन बसेल असं मोठं फळ लागतं, सगळं एका वहीत. ती वही आमच्या फर्मचं पहिलं भांडवल. पुढे कोकण रेल्वे आली, पेंढ्याच्या पेट्यांबरोबर पुठ्ठ्याचे खोके आले, घाऊक फळबाजार वाशीला गेला. डागी फळ फुकट जाऊ नये म्हणून आम्ही पल्पर, म्हणजे रस काढायचं यंत्र, घेऊन आमरसाचं कॅनिंगही सुरू केलं. आंबापोळी मात्र अक्काच्याच देखरेखीखाली ताटांत वाळायची. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिने बातमीचं कात्रण कापून देवघरात ठेवलं.

दर वर्षी फळ यावं म्हणून कलमांना औषध घालायला तिचा विरोध होता. झाडाला एखादं साल विसावा घेऊ द्या, म्हणायची. बाबांशी यावरून तिचं वाजायचं. आता मीही जपूनच घालतो, तिच्या पाच आवडत्या कलमांना तर अजिबात नाही.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा झाडांवर आंबा तयार होता आणि बाजाराचा भरवसा नव्हता. मी हातपाय गाळून बसलो होतो. सत्तरीच्या अक्काने ट्रंकेतून जुनी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चाळी पडून टॉवर झाले होते, बरेच फोन लागले नाहीत. पण लागले त्यांतून सोसायट्या जोडल्या गेल्या. एकेका इमारतीची ऑर्डर एकत्र घेऊन परवाना काढून गाड्या सोडल्या. पहिल्या गाडीत बसायचा तिचा हट्ट होता. मी जाऊ दिलं नाही, म्हणून चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दोन वर्षांनी, हंगाम आटोपल्यावर, मृगाच्या पहिल्या पावसात ती गेली.

आमच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी भाऊ दर वर्षी तेच येतात. यंदा पहिली काढणी झाली तेव्हा त्यांच्यातल्या थोरल्याने मी सांगायच्या आधीच घंगाळ चिंचेने घासून लख्ख केलं, विहिरीचं पाणी भरलं आणि पहिला आंबा स्वतः सोडला. तळाला जाऊन टेकला. तो म्हणाला, "अक्का, पास."