एक टिक, दोन टिक

जेवण उरकून पलंगावर टेकलो आणि महिन्याची यादी किराणावाल्याला व्हॉट्सॲपवर धाडली. एक टिक. दोन टिक. मग दोन्ही निळ्या. उत्तर काही नाही, नुसता अंगठा. महिन्याचा बाजार झाला आणि मी अजून आडवाच.

खरं तर टिक ही मूळची वाण्याची. आमचे पंचवटीतले शेठ यादीवर पेन्सिलीने करायचे, ती. आई कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे यादी लिहायची, वर 'श्री' घालून. मी पिशवी आणि तेलाची किटली घेऊन निघायचो. शेठ कानामागची पेन्सिल काढायचे, चार शेंगदाणे माझ्या हातावर ठेवायचे आणि आत ओरडायचे, "तूरडाळ दोन, साबुदाणा अर्धा!" आतला पोऱ्या वर्तमानपत्राच्या कागदात पुडा बांधायचा. छताला टांगलेल्या रिळातून दोरा सर्रकन खाली यायचा, पुड्याला उभा-आडवा वेढा बसायचा आणि बोटाच्या एका हिसक्यात तुटायचा. तो हिसका घरी करून बघताना मी बोट कापून घेतलंय. पुडा पिशवीत पडला की टिक. त्याआधी नाही. सगळ्या झाल्या की शेठ चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आणि हिंग रे बारक्या? दिवाळीनंतर नेलाच नाही. जा, आईला विचारून ये." उन्हातून परत. आई कपाळावर हात मारायची. संपलेला असायचाच.

व्हॉट्सॲपची एक टिक म्हणजे निरोप त्यांच्या सर्व्हरवर गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. निळा रंग आला 2014 च्या नोव्हेंबरात आणि 'वाचलंस तरी बोलला नाहीस' या भांडणाची कायमची सोय झाली. त्याच वर्षी फेसबुकने ही कंपनी 19 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे माणसं होती साधारण पंचावन्न. दिवाळीत आपल्या मेन रोडवरच्या दोन-चार कापडदुकानांत तेवढी सहज निघतील. मग 2018 च्या सुरुवातीला त्यांनी दुकानदारांसाठी निराळं ॲप काढलं, ते शेठच्या मुलाने घेतलं. आता मालाचे फोटो भावासकट दिसतात, दुकान बंद असलं की 'उद्या संपर्क करू' असं आपोआप येतं. वर्षानुवर्षं त्या दुकानाला धड पाटी नव्हती, आता डीपी आहे. माझी तक्रार नाही. लासलगावचा कांद्याचा भाव लिलाव चालू असतानाच मावसभावाच्या ग्रुपवर येतो. पूर्वी मावशीच्या घरी त्यासाठी रेडिओला कान लावून बसायचे आणि तेवढ्यात कुणी शिंकलं की शिव्या.

आता 'आणि हिंग?' विचारायचं काम यंत्रं करतात म्हणे. अमेझॉनने 1998 मध्येच ही युक्ती वापरायला घेतली होती: ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं, अशा जोड्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खरेदीतून आधीच लावून ठेवायच्या आणि नव्या गिऱ्हाइकापुढे धरायच्या. परवा एका ॲपने मला पोह्यांबरोबर शेव सुचवली. नाशिककराला! माझ्या घरात कुठली डबी रिकामी आहे ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. शेठना असायचं, वहीत न बघता.

संध्याकाळी पोऱ्या पिशव्या ठेवून गेला. मी यादी एका जुन्या पाकिटामागे उतरवून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. बायको म्हणाली, "फोनवर आहे की ती." आहे ना. तूरडाळ, टिक. साबुदाणा, टिक. सगळं बरोबर, एक नग कमी नाही.

रात्री फोडणीला डबी उघडली तर आत नुसता वास. यादीत हिंग लिहिलाच नव्हता. फोन घेतला आणि 'हिंग' एवढंच टाइप केलं. साडेनऊ वाजून गेले होते.

एक टिक.