एरंडेल पाजण्याआधी दवाखाना गाठा

आज परभणीकडच्या एका वाडीवर पहिलटकरणीला भेटले. तारीख उलटलेली, कळा नाहीत. आजेसासू एरंडेलाची बाटली काढूनच बसल्या होत्या. "ताई, आमच्या वक्ताला दुधातून पाजलं की कळा सुरू व्हायच्या."

आजींचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतडं आकुंचन पाववतं आणि गर्भाशयावरही तसाच परिणाम करतं. २०१२ साली उंदरांवरच्या अभ्यासात ते दिसलं. पण घरी पाजल्यावर कळा कधी येतील, किती जोराच्या येतील, यावर कुणाचाच ताबा नसतो. जुलाब, उलट्या मात्र होतात. आपल्याकडच्या या उन्हात अंगातलं पाणी गेलेल्या पोरीनं बाळंतपणाला जोर कुठून आणायचा? आधी सिझर झालं असेल तर जुन्या टाक्याच्या जागी पिशवी फाटायची भीती. ते थेट जिवावरचं.

तारीख एक-दोन दिवस पुढं जाणं, त्यातही पहिल्या खेपेला, नेहमीचंच आहे. ४१ आठवडे होत आले की डॉक्टर तपासून ठरवतात. दवाखान्यातही औषधानं कळा आणतात, पण तिथं बाळाचे ठोके ऐकत बसणारं माणूस असतं. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

आजींनी ऐकलं. उद्या नातसून तपासणीला जाणार, त्याही सोबत येणार आहेत.

बायांनो, बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडीचे पैसे लागत नाहीत, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचेही नाहीत.